आत्याच्या गाडीची वाढीव वॉरंटी

४ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

पत्र बघून घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू "हं, हं" करत दुसरंच काहीतरी वाचत असतेस आणि ते मला ऐकू येतं. तूही फोन करू नकोस. माझा फोन मला मोकळा लागतो. का, ते विचारू नकोस.

कामाचं सांगते. माझ्या विजेच्या गाडीची कंपनीची वॉरंटी मे महिन्यात संपतेय. शोरूमची एक मुलगी हात धुऊन मागे लागलीय. वाढीव वॉरंटी घ्या म्हणते, म्हणजे पुढची पाच वर्षं निश्चिंत. आवाज इतका गोड, की मला आमच्या हॉस्पिटलातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई आठवतात. त्याही अशाच लाडानं बोलायच्या, आणि माणूस बघता बघता आडवा व्हायचा.

पेन्शनवर जगणाऱ्या बाईला ही रक्कम काही किरकोळ नाही. तू विमा कंपनीत लोकांचे दावे तपासतेस, ऑफिसात तुला नकारघंटा म्हणतात, हे तूच सांगितलं होतंस. तेव्हा घंटा वाजव. त्यांच्या पुस्तिकेची झेरॉक्स सोबत आहे. घेऊ की नको, एवढंच सांग. आणि सातव्या पानावर "व्यावसायिक वापर" असा एक शब्द आहे, त्यात काय काय येतं तेही जाता जाता लिही. माझा काही तसा वापर नाही. बाजार, बँक, संपलं. उगीच आपली माहिती.

तुझ्या वडिलांना यातलं काही विचारलेलं नाही. हृदयाचं ते प्रकरण झाल्यापासून दादा माझ्याकडे तडा गेलेल्या बरणीसारखं बघतो. गाडी घराच्या आसपासच चालवीन, असं वचनही घेऊन ठेवलंय त्यानं. त्यामुळे हे आपल्या दोघींतच.

तुझी,
आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. पुस्तिका दोनदा वाचली. बारीक अक्षरं वाचायचाच मला पगार मिळतो, त्यामुळे मजा आली.

तुझ्या गाडीत सगळ्यात महाग वस्तू म्हणजे मोठी बॅटरी आणि मोटर. त्यांना कंपनीनं आधीच वेगळी, लांबलचक वॉरंटी दिलेली आहे. म्हणजे ज्या गोष्टीची तुला भीती वाटावी म्हणून ती गोड मुलगी फोन करते, ती गोष्ट या नव्या कागदात मुळी येतच नाही. टायर, ब्रेक, झिजणारी प्रत्येक वस्तू वगळलेली. पुढच्या बाजूला एक छोटी बॅटरी असते, जिच्यावर दिवे, कुलपं, समोरचा स्क्रीन असलं सगळं चालतं, तीही वगळलेली. उरलं काय? चार्जिंगची वीज आत घेणारं यंत्र, एसी, स्क्रीन आणि वायरींचं जंजाळ. यातलं काही बिघडेल का? बिघडू शकतं. पण बहुतेकांचं बिघडत नाही, म्हणून तर ते हे विकतात. ते काही धर्मादाय संस्था चालवत नाहीत.

माझं मत: घेऊ नकोस. तेवढे पैसे बँकेत बाजूला टाक. गाडी बिघडली तर त्यातून दुरुस्ती, नाही बिघडली तर मला एक चांगला कोट.

"व्यावसायिक वापर" म्हणजे टॅक्सी, भाड्यानं देणं, मालाची ने-आण. असं काही करताना गाडी बंद पडली तर ते हात वर करतात. मी त्यांच्या जागी असते तर मीही केले असते. पण तुला कशाला हवंय हे?

मीटरवर किती किलोमीटर झालेत तेवढं कळव. आणि फोन मोकळा का लागतो?

तुझी,
नकारघंटा


१९ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

इतकं स्पष्ट आजवर मला कुणी समजावलं नव्हतं. आमच्या वॉर्डात तू सिस्टर म्हणून शोभली असतीस. पेशंट रडले असते, पण बरे झाले असते.

तरी माझं मन तयार होत नाही. पैसे बाजूला टाकले तरी बिघडलेली गाडी त्या पैशांनी दुसऱ्या दिवशी सुरू होईल का? शेजारच्या शिक्षकांची अशीच गाडी सुट्या भागाची वाट बघत गॅरेजात महिनाभर पडून होती. त्यांचं ठीक आहे, ते बसनं जातात. मला चालणार नाही.

"मालाची ने-आण" म्हणजे पैसे घेऊनच ना? कुणी फुकट काही पोचवलं तर?

मीटरवर चौऱ्याहत्तर हजार आहेत.

तुझी,
आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

चौऱ्याहत्तर हजार! तुझा बाजार नक्की कुठल्या देशात भरतो?

आधी धंद्याचं बोलते. तुझा आकडा वाचून मी पुस्तिका परत उघडली. पाच वर्षं किंवा मीटरवर एक लाख वीस हजार, जे आधी होईल ते, असं चौथ्या पानाच्या तळाशी लिहिलंय. तू ज्या झपाट्यानं गाडी पळवतेयस, त्या झपाट्यानं ती मर्यादा दीड वर्षात येईल. म्हणजे पैसे पाच वर्षांचे द्यायचे आणि दीड वर्ष वापरायचं. आता तर माझा पक्का नकार.

आता घरचं. तू पहाटे बाहेर पडतेस, हे मला तुझ्या शेजारीणबाईंकडून कळलं. नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला त्यांनी फोन केला होता, मी काही हेरगिरी केलेली नाही. गाडीत एक निळी पेटी असते म्हणे. सहलीला नेतात तसली. फोन सतत मोकळा हवा. गाडी एक दिवसही बंद पडलेली चालणार नाही. आणि बाबांना कळता कामा नये.

कोण आहे तो?

हे बघ, मी खूश आहे. काका जाऊन बारा वर्षं झाली. तू आनंदात असशील तर बाबांशी मी बोलीन. फक्त माणूस धडधाकट आहे ना, पेन्शनवाला आहे ना, आणि इतक्या लांब का राहतो, तेवढं सांग.

तुझी,
चिमणी


१८ मार्च

चिमणे,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारीण धावत आली. तिला म्हटलं, तुमचीच कृपा.

"तो" आहे खरा. एक नाही, बरेच आहेत. त्यातल्या सगळ्यात जड माणसाचं वजन दीड किलो भरेल. टक्कल आहे, दात नाहीत, आणि उत्पन्न शून्य.

दोन वर्षांमागे आमच्या वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर घरी आल्या होत्या. त्यांना मीच कधीकाळी इंजेक्शन धरायला शिकवलं होतं. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांच्या आयांना दूध येत नाही, त्यांच्यासाठी हॉस्पिटलात दुधाची पेढी आहे. आपल्या बाळाला पुरून उरेल इतकं दूध असलेल्या बाया घरी ते काढून, गोठवून ठेवतात. देणाऱ्या खूप, पण लांब लांब विखुरलेल्या, आणि आणायला माणूस नाही. सिस्टर माझ्याकडे चहाला आल्या आणि बोलता बोलता खिडकीतून माझी गाडी बघत राहिल्या. मी म्हटलं, सरळ विचारा की.

तेव्हापासून मी जाते. पैसे घेत नाही. फोन मोकळा लागतो, कारण वॉर्डातलं दूध कधी कमी पडेल ते बाळं आधी सांगत नाहीत. दादाला सांगितलं नाही, कारण त्याला दिलेल्या वचनाचा मी पार भुगा केलाय. तुलाही सांगितलं नसतं, पण आता सांगावं लागतंय. परवा गाडीनं दगा दिला.

परतीच्या रस्त्यावर होते. पेटी भरलेली. टेकडीच्या चढावर सिस्टरांचा फोन आला म्हणून कडेला थांबले, गाडी बंद केली, बाहेर उभी राहून बोलले. "दोन जुळी आलीत, लवकर या," म्हणाल्या. परत फिरते तर गाडी मेलेली. दार उघडेना, दिवा लागेना. पेटी आत, मी बाहेर. क्षणभर त्या काचेवर दगड घालायचं मनात आलं. मग आठवलं की रिमोटच्या पोटात एक लोखंडी किल्ली असते. तिनं दार उघडलं, पेटी ओढून काढली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. दोन गाड्या वळसा घालून गेल्या.

तिसरा आला तो सिमेंटचा मिक्सर. मागचा ढोल गरगर फिरतोय, धूर, आवाज, सगळं. ड्रायव्हर वरून ओरडला, "बाई, जीव नकोसा झालाय का?" मी पेटी उचलून दाखवली, म्हटलं लहान बाळांचं दूध आहे, वितळलं तर फुकट जाईल. त्यानं एकदा पेटीकडं बघितलं, एकदा मागच्या ढोलाकडं. म्हणाला, "तुमचं वितळतं, माझं थिजतं. दोघांनाही थांबून चालणार नाही. चढा."

चढा म्हणणं सोपं. ती पायरी माझ्या कमरेएवढी. त्यानं वरून हात दिला, मी पेटी आधी वर दिली आणि मग स्वतःला. त्याच्या बांधकामावर जायचा रस्ता डावीकडे होता, त्यानं उजवीकडे घेतला. वाटेत त्याला मुकादमाचे फोन येत होते, हा म्हणत होता, "वाहतूक फार आहे साहेब." हॉस्पिटलच्या फाटकावर पहारेकऱ्यानं मिक्सर अडवला, तशी मी उतरून पळत गेले. पळत, चिमणे! दूध अजून गोठलेलंच होतं. परत फाटकापाशी आले तर तो निघून गेलेला. आभार मानायचे राहिले.

तेव्हा मी ठरवलंय. सोमवारी शोरूमला जाऊन सही करून टाकते. परत असा प्रसंग नको. ती मुलगी म्हणाली की "वापर" या रकान्यात "घरगुती" लिहा, कोण बघायला येतंय. ते मात्र मला पटेना.

तुझी,
आत्या


२० मार्च

आत्या,

सही करू नकोस!

तुझी गाडी ज्यामुळे मेली ती छोटी बॅटरी, हे मला इथे बसून कळतंय, आणि ती त्या कागदात नाहीच. तू घाबरून जी गोष्ट विकत घेणार आहेस, तिचा तुला त्या चढावर काडीचा उपयोग झाला नसता. नवी छोटी बॅटरी बसवून घे, आणि इथून पुढे ती खराब व्हायची वाट न बघता बदलत जा.

"घरगुती" तर मुळीच लिहू नकोस. कोण बघायला येतं ते मला विचार. मीच येते. त्याच कामाचा मला पगार मिळतो.

शुक्रवारी रजा टाकलीय. मी येतेय. बाबांना ऑफिसच्या कामाला जाते असं सांगितलंय.

तुझी,
चिमणी


९ एप्रिल

प्रिय आत्या,

परत येऊन पंधरवडा होत आला आणि मी तुला लिहायला बसले की खोडत होते. आज खोडणार नाही.

मी आले ती मनात एक चित्र घेऊन. एक म्हातारी होत चाललेली, एकटी पडलेली बाई, वेळ जावा म्हणून दिवसभर गाडी फिरवते, आणि मी तिला हळूच समजावणार आहे. शनिवारी तुझ्या शेजारी बसले आणि पहिल्या तासात ते चित्र पार पुसलं गेलं.

त्या बस डेपोतली ड्रायव्हरबाई आठवते? गणवेशात, हातांवर स्टिअरिंगचा काळेपणा, आणि फ्रीजरमधून बाटल्या काढून देताना प्रत्येक बाटली पुसून देत होती. तू तिला तिच्या लेकाच्या दातांबद्दल विचारलंस, तिनं तुला बसच्या क्लचबद्दल सांगितलं. जणू जगातली सगळ्यात साधी देवाणघेवाण चाललीय.

आणि मग तिसऱ्या मजल्यावरची ती. तू जिन्यात मला एवढंच म्हणालीस, "इथे बाळाबद्दल विचारू नकोस." दार उघडलं. कोपऱ्यात पाळणा घडी करून भिंतीला टेकवलेला होता. तेव्हा मला कळलं. बाळ गेलं होतं आणि दूध येत होतं. ती म्हणाली, "आज कमी आहे." तू म्हणालीस, "चालेल." इतकंच. मला वाटलं तू तिला काहीतरी सांगशील, धीर देशील. तू खुर्ची ओढून बसलीस, तिनं केलेला चहा प्यायलीस आणि तिच्या खिडकीतल्या कुंडीतलं एक पिकलं पान खुडून टाकलंस. उठताना तिनं तुझ्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. ती सोडेपर्यंत तू उभी राहिलीस. मी जिन्यात जाऊन रडले, तू गाडीत रुमाल दिलास.

आत्या, माझ्या कामात माणसं नुकसान झाल्यावर माझ्यासमोर येतात, आणि मी बारीक अक्षरांत बघून सांगते की हे मिळेल, हे मिळणार नाही. ते काम वाईट नाही, आणि मी ते नीट करते. पण कागदात काहीच नसताना माणसाला काय द्यायचं असतं, ते मी त्या तिसऱ्या मजल्यावर पाहिलं.

आता तुझं उत्तर. मी आधी एवढंच बघत होते की पैसे वसूल होतात का. तुझा प्रश्न वेगळाच होता आणि तू तो पहिल्यापासून विचारत होतीस: गाडी उभी राहिली तर दूध कोण नेणार? त्या हिशोबानं मी सगळं पुन्हा वाचलं. कंपनीची दुसरी एक योजना आहे. ती गोड मुलगी तिचं नाव काढत नाही, कारण ती स्वस्त आहे. मुदत दोनच वर्षं, पण किलोमीटरची मर्यादा तुला पुरून उरेल इतकी सैल. आणि दुरुस्तीला गाडी अडकली तर तेवढे दिवस ते दुसरी गाडी देतात. पाच वर्षांच्या योजनेत ही सोय नाही. चार्जिंगचं यंत्र, जे गेलं तर तुझी गाडी नुसता पत्रा, ते दोन्हींत आहे.

ही दोन वर्षांची घे. माझ्या नोकरीत पहिल्यांदाच कुणाला वॉरंटी घे म्हणतेय. ऑफिसात कळू देऊ नकोस.

"वापर" या रकान्यात खरं ते लिही. मी कंपनीला पत्र टाकून विचारलं होतं. मोबदला न घेता दान पोचवणं व्यावसायिक वापरात मोडत नाही, असं त्यांनी सहीशिक्क्यानिशी कळवलंय. ते उत्तर सोबत आहे. अर्जाला टाचून दे.

तुझी,
चिमणी


२ मे

प्रिय चिमणे,

झालं काम. शोरूमची मुलगी प्रत्यक्षात सर्दीनं बेजार होती आणि आवाज अगदी घोगरा. मला आवडली. "वापर" या रकान्यात मी लिहिलं, "आईचं दूध हॉस्पिटलात पोचवणे." तिनं वाचलं आणि विचारलं, "दूध घालता तुम्ही?" म्हटलं, हो. तिनं तुझं ते सहीशिक्क्याचं पत्र वाचलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि दोन वर्षांच्या योजनेचा कागद स्वतःच पुढं सरकवला. मला तिला औषध सांगावंसं वाटलं, सांगितलंही.

दादाला मीच सगळं सांगितलं. तो घरी आला होता, समोर बसवलं आणि एका दमात बोलून टाकलं. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. तो चष्मा पुसायला लागला. मग म्हणाला, "चढावर एकटी होतीस?" म्हटलं, मिक्सरवाला होता. "मला फोन का नाही केलास?" म्हटलं, तू वचनाचं काढलं असतंस. "काढलं असतं," म्हणाला, "पण आलो असतो." मग उठून खाली गेला आणि माझ्या टायरांतली हवा तपासत बसला. विजेच्या गाडीतलं त्याला टायरांपलीकडे काही कळत नाही.

काल तिसऱ्या मजल्यावर गेले होते. तिनं एकच छोटी बाटली दिली. म्हणाली, "संपलं आता. ही शेवटची." मी पेटी बंद करत होते तेवढ्यात तिनं विचारलं, "मी येऊ का पोचवायला?"

पुढच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसली. वाटेत खड्डा आला की दोन्ही हातांनी पेटी धरायची. वॉर्डाच्या दाराशी मी मागे राहिले, पेटी तिनंच सिस्टरांच्या हातात दिली. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, तेव्हा त्यांनी तिला काचेपर्यंत नेलं. आत त्या मिक्सरच्या दिवशी आलेल्या जुळ्यांतलं एक होतं, बारीक नळीनं दूध चाललेलं. तिनं विचारलं, "हे कुणाचं दूध?" सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांचं एकत्र असतं, ताई. सांगता येत नाही." ती काचेला हात लावून उभी राहिली. "बरंय," म्हणाली. "मग माझंही असेल."

परतताना पहिल्याच सिग्नलला तिला झोप लागली. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, हात रिकाम्या मांडीवर. किती दिवसांनी झोपली असेल कोण जाणे. इतकी वर्षं मी झोपलेली माणसं बघत आलेय, मला ती झोप ओळखता येते. तिच्या घराची गल्ली आली. थांबले असते तर दाराचा आवाज झाला असता, ती उठली असती, आणि तो जिना चढून त्या खोलीत गेली असती.

ही गाडी आवाज करत नाही, चिमणे. मी गल्लीत वळले नाही. शहराभोवतीच्या गोल रस्त्याला लागले आणि हळूहळू फिरत राहिले. कारखाने गेले, गोदामं गेली, नदीवरचा पूल गेला, परत पहिल्यापासून कारखाने. बॅटरीचा काटा उतरत होता. उतरू दिला.

तुझी,
आत्या